श्वानखात्याचे अंमलदार

बोरघाटाच्या पायथ्याला, उल्हास आणि पाताळगंगा यांच्या खोऱ्यांत विसावलेल्या कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांचा साद्यंत इतिहास लिहिण्याचे जर कोणी मनावर घेतलेच, तर कोंडाण्याच्या लेण्यांना, महडच्या वरदविनायकाला, आणि भिवपुरी-खोपोलीच्या वीजघरांना त्यांचा न्याय्य वाटा देऊन झाल्यावर त्याने एक प्रकरण त्या सद्गृहस्थांसाठी अवश्य राखून ठेवावे, ज्यांनी गेल्या तीसेक वर्षांत येथल्या भाताच्या खाचरांना तारेची कुंपणे घातली, कुंपणाच्या दारावर आपल्या मातोश्रींचे नाव कोरले, आणि त्या नावाखाली, नावाइतक्याच ठळक अक्षरांत, 'कुत्र्यापासून सावध' अशी जाहीर नोटीस लावली. यांतले बहुसंख्य दोन दिवसांचे धनी. शनिवारी यावे, रविवारी जावे, आणि परतताना खालापूरच्या टोलनाक्यावर मोटारींच्या रांगेत अडकून ग्रामीण जीवनातील शांततेची स्तुती करावी, एवढाच त्यांचा या भूमीशी संबंध. आमचा विषय तो नव्हे. आमचा विषय त्यांच्यातला अल्पसंख्य, परंतु अधिक दखलपात्र असा वर्ग, जो सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन येथे कायमच्या वस्तीला आला आहे, ज्यास गावकरी सरसकट 'रावसाहेब' म्हणतात, आणि ज्याच्या अमलाखाली आता एका कुत्र्याखेरीज कोणीही उरलेले नाही.

रावसाहेबांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण प्रत्येक वसाहतीत एक रावसाहेब असतातच. महसूल, पाटबंधारे किंवा विक्रीकर अशा एखाद्या खात्यात त्यांनी हयात घालवलेली असते. कारकुनापासून चढत चढत राजपत्रित पदाला पोहोचताना त्यांच्या चारित्र्यावर एकही शिंतोडा उडालेला नसतो, आणि ही गोष्ट ते पहिल्याच भेटीत सांगतात. शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा, हा १९४८च्या कुळकायद्याचा दंडक त्यांना मुखोद्गत असल्यामुळे, नांगराला कधी बोटही न लावलेल्या या गृहस्थांनी देशावरच्या मूळ गावचा सातबारा हुडकून काढला, त्यावर यच्चयावत चुलतभावांच्या तळाशी आपले नाव शाबूत असल्याची खातरजमा केली, रीतसर दाखला मिळवला, आणि फंडाच्या रकमेतून कर्जतजवळ वीस गुंठे पदरात पाडून घेतले. कुत्रा मात्र त्यांनी घेतलेला नाही. तो कन्येने पुण्यात नोकरीला असताना घेतला होता. पुढे कन्येचे परदेशी प्रयाण ठरले, आणि 'महिनाभर सांभाळा' या बोलीवर आलेला तो तीस किलो वजनाचा लॅब्राडोर, वारसाहक्काच्या सर्वसाधारण क्रमाला उलटे करून, अपत्याकडून पित्याच्या नावे फेरफार होऊन कायमचा दाखल झाला. त्याचे नाव ब्रूनो. 'घरात कुत्रा येईल तर मी जाईन' असे रावसाहेब आरंभी म्हणाले होते. कुत्रा आला, रावसाहेब राहिले, आणि वहिनीसाहेबांनी त्या उद्गाराचा आजतागायत उल्लेख केलेला नाही, ही त्यांची थोरवी.

ज्याने पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारले, त्याला निवृत्तीनंतर सर्वांत मोठी उणीव कशाची भासते, तर अर्जांची. घरातला स्वयंपाक, देवघर, किराणा आणि जमाखर्च ही सगळी खाती वहिनीसाहेबांकडे पूर्वापार असल्यामुळे तेथे हस्तक्षेपास वाव नव्हता. बागेचे खाते राखणदाराकडे होते, आणि पावसाळ्यात येथे बाग माणसाचे ऐकतही नाही. अशा स्थितीत दिवसातून दोनदा जेवणारा, जेवणाच्या मधल्या वेळात दर घटकेस नव्याने अर्ज करणारा, आणि अर्ज नामंजूर झाला तरी अधिकाऱ्यावर यत्किंचित राग न धरणारा असा एक प्राणी घरात आल्याबरोबर रावसाहेबांच्या सुप्त प्रशासकीय प्रतिभेला अंकुर फुटले, आणि महिन्याच्या आत श्वानाच्या आहाराचे एक स्वतंत्र खाते, त्याच्या दप्तरासह, बंगल्याच्या ओसरीवर सुरू झाले.

या दप्तरात एक रोजनामा आहे. स्वयंपाकघराच्या दाराला आतून एक जाबता चिकटवलेला आहे, आणि त्यात मनुष्याच्या खाद्यपदार्थांची 'मंजूर', 'सशर्त मंजूर' आणि 'मनाई' अशी तीन सदरांत विभागणी केलेली आहे. मंजूर सदरात शिजवलेला भात, उकडलेली अंडी, दुधी, गाजर आणि बिनमसाल्याची कोंबडी, मात्र तिची हाडे वगळून, कारण शिजवलेले हाड ठिसूळ होऊन फुटते आणि त्याच्या कपच्या घशात किंवा आतड्यात रुततात. मनाईच्या सदरात कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेली गोळी-बिस्किटे. सशर्त मंजूर सदरात फक्त एकच नोंद आहे, आणि रावसाहेबांच्या कारकिर्दीचे सारे तेज त्या एका नोंदीवर एकवटलेले आहे. ती नोंद चीजची.

संध्याकाळी चार वाजता, चहाच्या वेळी, चीजवाटपाचा विधी होतो. रावसाहेब शीतकपाटातून पंचवीस ग्रॅमांची एक वडी काढतात, तिच्यावरचा चांदीच्या रंगाचा कागद चारी कोपऱ्यांनी सोडवून त्याची घडी घालतात, वडी सुरीने चार समान भागांत कापतात, त्यांतला एक भाग सोन्याचांदीच्या पेढीवर असतो तसल्या चिमुकल्या विजेच्या काट्यावर ठेवतात, आकडा साडेसहा दाखवू लागला तर कडेची कपची काढून स्वतःच्या तोंडात टाकतात, आणि मग रोजनाम्यात वजन, वेळ व स्वाक्षरी अशी नोंद करून तो तुकडा ब्रूनोच्या पुढ्यात धरतात. हा सर्व वेळ ब्रूनो समोर बसलेला असतो. त्याच्या ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांतून लाळेचे दोन धागे खाली उतरत असतात, शेपूट फरशी झाडत असते, आणि नजर वडीवर अशी खिळलेली असते की तशी एकाग्रता रावसाहेबांना त्यांच्या हाताखालच्या एकाही माणसात आढळली नव्हती. विधीला चांगली दहा मिनिटे लागतात. तुकडा गिळायला ब्रूनोला एक निमिषही लागत नाही, आणि त्याची चव त्याला समजली की नाही, याविषयी आम्ही साशंक आहोत.

विधीच्या वेळी घरात पाहुणा असेल तर त्यास व्याख्यान ऐकावे लागते, आणि न्यायाने सांगायचे तर व्याख्यान निर्दोष असते. चीज हे कुत्र्याला विष नव्हे, असा त्याचा उपक्रम. वयात आलेल्या बहुतेक कुत्र्यांच्या आतड्यांत दुग्धशर्करा पचवणारे पाचकद्रव्य कमी होते, म्हणून वाटीभर दुधाने त्यांचे पोट सुटते. परंतु चीज करताना निवळीचे पाणी निथळून जाते आणि त्याबरोबर त्या शर्करेचा बराच अंश निघून जातो, इतका की मुरलेल्या चीजमध्ये ती नावापुरतीच उरते. सबब आक्षेप शर्करेवर नसून स्नेह आणि लवण यांवर आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या चीजच्या वडीत सुमारे चतुर्थांश भाग नुसता स्निग्धांश असतो. तो जास्त झाला तर कुत्रा लठ्ठ तर होतोच, पण एखादे वेळी स्वादुपिंडाला दाह सुटून वांत्या आणि पोटदुखीने जमिनीला खिळतो. पशुवैद्यांचा सर्वमान्य संकेत असा की वरखाऊ म्हणून जे द्यायचे ते दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दशांशाहून अधिक नसावे. तीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे चौदाशे उष्मांक लागतात. दशांश झाले एकशेचाळीस. एका वडीत पाऊणशेच्या वर असतात. म्हणजे दोन वड्यांतच सबंध दिवसाचा तनखा उडाला. 'आणि दहा किलोच्या कुत्र्याला तर एक वडीसुद्धा ऐपतीबाहेरची,' असे म्हणून रावसाहेब पाहुण्याच्या मांडीवर बसलेल्या पांढऱ्या झुबकेदार कुत्रीकडे पाहतात, आणि पाहुणा तिच्यासाठी उचललेली वडी निमूटपणे परत ठेवतो. एकदा त्यांच्या भाच्याने फ्रान्सहून निळ्या बुरशीचे चीज आणले, तेव्हा त्या बुरशीपासून निपजणाऱ्या रोकफॉर्टिन नावाच्या द्रव्याने कुत्र्याला कंप सुटू शकतो, हे सांगून रावसाहेबांनी ते सबंध पाकीट सरकारजमा केले. ते पुढे कोणी खाल्ले याची नोंद रोजनाम्यात नाही.

ब्रूनोची बाजू मांडायला वकील नाही, तरी त्याच्या वतीने विज्ञानाने थोडी रदबदली केलेली आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली असे दाखवून दिले की लॅब्राडोर जातीच्या जवळजवळ चौथाई कुत्र्यांमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, आणि तो तुकडा गळालेल्या कुत्र्यांचा जीव अन्नात अधिक गुंतलेला असून त्यांची वजनेही अधिक भरतात. तात्पर्य, ब्रूनो चार वाजता खाल्लेले सव्वाचारला विसरतो तो लबाडीने नव्हे, कदाचित प्रकृतिधर्माने. हे संशोधन कन्येने परदेशातून कळवले, तेव्हा रावसाहेबांनी ते दोनदा वाचून त्यावर 'पाहिले, दप्तरी दाखल' असा शेरा मारला आणि चीजच्या तुकड्यात तिळभरही वाढ केली नाही.

या प्रांतात रावसाहेबांना विरोधी पक्ष नाही असे समजू नये. शेजारच्या बंगल्यातले भाविक गृहस्थ कुत्र्याच्या मुखी घास घालणे हे मोजमापाच्या पलीकडचे कर्म मानतात, आणि त्यांच्या बाजूला परंपरेचे बळही मोठे आहे. वैश्वदेवात गाय आणि कावळा यांच्यासोबत श्वानालाही बळी काढून ठेवण्याची चाल आहे. दत्तात्रेयांच्या पायाशी चार कुत्री आहेत. खंडोबाच्या सेवेत कुत्रा आहे. आणि कोरडी पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन नामदेवराय धावले, ही कथा तर महाराष्ट्रात आबालवृद्धांना ठाऊक आहे. पारशी मंडळीही जेवणापूर्वी कुत्र्याचा घास काढून ठेवीत, आणि १८३२ साली कंपनी सरकारच्या हुकमाने मुंबईत मोकाट कुत्री मारली जाऊ लागली, तेव्हा त्यांनी दुकाने बंद पाडून शहरात असा दंगा केला की सरकारला सैन्य बोलवावे लागले. रावसाहेब हे सारे शांतपणे ऐकून घेतात आणि एवढेच विचारतात, की नामदेवरायांच्या वाटीत तूप किती ग्रॅम होते, याचा कोठे दाखला आहे काय. दाखला नसल्यामुळे वाद तेथेच तहकूब होतो.

तिसरा पक्ष राखणदाराच्या बायकोचा. तिला सगळे मावशी म्हणतात. तिच्या स्वतःच्या दाराशी एक तांबूस, उभ्या कानांचा गावठी कुत्रा असतो. त्याला सकाळी रात्रीची उरलेली तांदळाची भाकरी आणि संध्याकाळी पेजेचा गाळ मिळतो, माथेरानच्या डोंगराकडून बिबट्या उतरल्याची पहिली वर्दी तोच देतो, आणि त्याच्या आहाराचे दप्तर कोणी ठेवलेले नाही. भाकरीवर कुत्रा जगतो कसा, हा मांसाहारवादी पाहुण्यांचा नेहमीचा सवाल. परंतु २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाप्रमाणे लांडग्याच्या मानाने कुत्र्याच्या अंगी पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कितीतरी अधिक असतात, म्हणजे माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर हजारो वर्षे काढल्याने त्याचे पोट माणसाळले आहे. मावशीला ही वार्ता नव्हती, आणि तिचे काही अडलेही नव्हते. एके दिवशी काट्यावरचा चीजचा तुकडा बराच वेळ न्याहाळून ती म्हणाली, 'साहेब, हा भूक नसली तरी खातो ना? मंग त्याच्या तोंडाकडं बघून नका घालू, बरगड्या चाचपून घाला.' कुत्र्याच्या बरगड्या हाताला लागाव्यात, पण दुरून मोजता येऊ नयेत, हे वजनाचे माप पशुवैद्यही सांगतात. रावसाहेबांनी त्या दिवशी रोजनाम्यात 'बरगड्या' असे नवे सदर आखले, आणि सूचना कोठून आली ते लिहिले नाही.

खरी परीक्षा झाली ती श्रावणात, सत्यनारायणाच्या दिवशी. घर माणसांनी भरले होते. लोणावळ्याहून घाट उतरून आलेल्या मंडळींनी चिक्की आणि चॉकलेटचा फज आणला होता, तो रावसाहेबांनी दारातच जप्त करून कपाटावर ठेवला, कारण चॉकलेटमधले थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून अत्यंत सावकाश बाहेर पडते आणि त्याच्या हृदयाला व मज्जातंतूंना बाधते. मुंबईहून आलेल्यांनी कर्जत स्थानकावरून वडे बांधून आणले होते. घाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिने जोडण्याकरिता कर्जतला जो थांबा मिळतो, त्या थांब्याने या वड्याला कीर्तिमान केले. परंतु वड्यात लसूण, आणि कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, त्याही ताबडतोब नव्हे तर काही दिवसांनी, म्हणजे कारण विसरले गेल्यावर. तेव्हा वड्यांवरही पहारा बसला. असा चोख बंदोबस्त करून, सोवळ्यात, प्रसन्न मुद्रेने, रावसाहेबांनी स्वहस्ते ब्रूनोला द्रोणभर प्रसादाचा शिरा घातला. प्रसाद नाकारण्याची तरतूद कोणत्याही जाबत्यात नसते.

शिऱ्यात मूठभर बेदाणे होते. ते कन्येच्या लक्षात आले, तिने पडद्यावरून पूजा पाहता पाहता किंकाळी फोडली, आणि पुढल्या पाच मिनिटांत रावसाहेब, सोवळ्यासकट, मोटारीत बसून पशुवैद्याच्या दाराशी होते. तेथे झालेली प्रश्नोत्तरे प्रत्यक्षदर्शी मंडळींनी आम्हास सांगितली ती अशी. 'काय खाल्लं?' 'प्रसाद.' 'प्रसादात काय होतं?' 'रवा, तूप, केळं, साखर... बेदाणे.' 'तुमच्या त्या यादीत मनाई नाही?' 'मनाई द्राक्षांना आहे,' रावसाहेब क्षीण स्वराने म्हणाले, 'बेदाण्याची स्वतंत्र नोंद नाही.' डॉक्टरांनी त्या प्रशासकीय युक्तिवादाची दखल न घेता सुई टोचून कुत्र्याला वांती करवली, आणि मूत्रपिंडे शाबूत आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी पुढले तीन दिवस रक्त तपासले. द्राक्ष सुकले म्हणून त्याचा गुण जात नाही, उलट आटून दाट होतो. आणि त्यातली विलक्षण गोष्ट ही, की किती बेदाण्यांनी बाधा होईल ते आधी सांगता येत नाही. एका कुत्र्याला ओंजळभर पचतात, दुसऱ्याची मूत्रपिंडे थोडक्यांनीही निकामी होतात. या बाधेचे मूळ टार्टारिक आम्लात असावे असा तर्क २०२१ साली पुढे आला. आणि तेच आम्ल चिंचेत भरपूर असते, असे डॉक्टर सहज बोलून गेले. त्यासरशी, आमटीत कालवलेला भात निर्धोक समजून आठवड्यातून दोनदा घालणाऱ्या वहिनीसाहेबांचा चेहरा उतरला, आणि लग्नाला चाळीस वर्षे झाल्यानंतर प्रथमच रावसाहेबांना स्वयंपाकघराच्या कारभारात एक फर्मान काढण्याची संधी लाभली. ब्रूनोला काहीही झाले नाही. घरी येताच त्याने रिकाम्या झालेल्या पोटाची भरपाई मागितली.

जाबत्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती आता दाराला लागली आहे. तीत 'द्राक्षे, ताजी, सुकी, काळी, पिवळी, नैवेद्यातील व अन्य' असा कलम-बंदोबस्त आहे, चिंच आहे, आंब्याची कोय आहे, आणि वसाहतीतले लोक आपापल्या कुत्र्यांचे अर्ज घेऊन रावसाहेबांकडे येऊ लागले आहेत. त्यांचा दरबार भरतो, शेरे पडतात, चेहऱ्यावर जुना तजेला आला आहे. परंतु या निष्कलंक कारकिर्दीत एक कलम असे आहे, ज्याविषयी ते बोलत नाहीत. पावसाळ्यात या बाजूला गोचिडांचा उच्छाद फार. त्यांच्यापासून ब्रूनोला ताप आला, आणि डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ घेण्याच्या गोळ्या लिहून दिल्या. ब्रूनो गोळी गिळेना. आज्ञा झाली, विनंती झाली, ताकीद झाली. शेवटी रावसाहेबांनी इकडेतिकडे पाहिले, शीतकपाट उघडले, आणि काट्यावर न ठेवता, नोंद न करता, चीजच्या अख्ख्या वडीत गोळी खुपसून ती पुढे केली. ज्या गृहस्थांनी सबंध नोकरीत एक पैची लाच घेतली नाही, त्यांनी ती अशी उतारवयात दिली. पुढे डॉक्टरांकडून कळले की टेट्रासायक्लीन गटाच्या औषधांचे शोषण दुधाच्या पदार्थांतल्या कॅल्शियममुळे कमी होते, सबब ती चीजमधून देऊच नयेत. म्हणजे लाचही गेली आणि कामही झाले नाही, हा सरकारी जगातला अनुभव त्यांना दुसऱ्या बाजूने घ्यावा लागला. आता गोळी भाताच्या मुदीतून जाते. परंतु ब्रूनोने तो पहिला व्यवहार दप्तरात नसला तरी स्मरणात ठेवला आहे. औषध संपून कित्येक दिवस झाले, तरी सकाळी आठ आणि रात्री आठ या दोन ठोक्यांना तो रावसाहेबांच्या खुर्चीपुढे येऊन बसतो, किंचित आजारी दिसण्याचा प्रयत्न करतो, आणि ज्याचा हप्ता एकदा ठरला आहे अशा मुरलेल्या शिपायाच्या धीराने वाट पाहतो. आणि वहिनीसाहेब आत कामात आहेत अशी खात्री झाली की, आम्ही ऐकतो ते खरे असेल तर, तो हप्ता त्याला मिळतो.